मिरची, पाऊस आणि एकच वायर

मंडळी, गेल्या शनिवारी इथे काही लिहिलं नाही. बसलो होतो लिहायलाच, पण नंदुरबारहून मामांचा फोन आला आणि दोन्ही सुट्ट्या त्यात गेल्या. आमचे मामा मिरचीचे व्यापारी. शेतकऱ्यांकडून ओली लाल मिरची घ्यायची, गावाबाहेर पथारीवर पसरून वाळवायची, देठ खुडायचे, प्रतवारी करायची, पोती भरून बाहेर पाठवायची. आजोबांपासून हाच धंदा. नंदुरबार म्हटलं की पुण्यातले लोक विचारतात, "ते धुळ्याकडे ना?" हो, धुळ्याकडेच. १ जुलै १९९८ पर्यंत आम्ही धुळे जिल्ह्यातच होतो. पण हिवाळ्यात कधी गेलात तर गावाबाहेर उघड्या माळावर लालभडक चादरी अंथरलेल्या दिसतील, ती आमची खरी ओळख. (नाकावर रुमाल मात्र हवा.)

तर मामांनी व्हॉट्सअॅपवर एका कोटेशनचा फोटो पाठवला होता. कॉम्प्युटर, फोन, इंटरकॉम, कॅमेरे, सगळं एकाच वायरवर. जुनं फोनचं खोकं काढून टाका, 'क्लाऊड'वर या, महिन्याला अमुक इतके भरा, बाकी आम्ही बघतो. खाली मामांचा निरोप : "भाचा, हे तूच बघ. मागच्या वेळी पण तूच बघितलं होतंस."

हे दुसरं वाक्य मला का टोचलं ते सांगण्यासाठीच आजचा लेख.

मी पुण्यात टेलिफोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर लिहितो. म्हणजे ऑफिसात असतात ती एक्स्चेंजेस, ज्याला आपण ईपीबीएक्स म्हणतो. आवाजाचं जाळं आणि डेटाचं जाळं एकत्र करणं, ह्यावर गेली वीसेक वर्षं माझं घर चाललंय. त्यामुळे ह्या प्रकाराच्या विरुद्ध बोलणं म्हणजे ताटात वाढलेल्या भाकरीलाच नावं ठेवणं. तरी आज थोडी ठेवणार आहे.

आधी जुनी गोष्ट. मामांच्या गादीवर एकच काळा फोन होता आणि त्याच्या डायलला कुलूप. किल्ली मुनीमजींच्या जानव्याला :-) गुंटूरचा भाव काय निघाला हे विचारायला एसटीडी लावायची तर रात्री उशिरा, कारण तेव्हा दर उतरायचे. तोवर आजोबा जागे. फोन लागला की सगळी गादी गप्प. तीन मिनिटांत भाव, आवक, माल कसा आहे, पैसे कधी, एवढं सगळं उरकायचं. मला आजही वाटतं की कमी शब्दांत नेमकं बोलायचं शिक्षण मला कुठल्या कॉलेजात नाही, त्या गादीवर मिळालं. (माझे लेख वाचून हे खरं वाटत नसेल, तर असो.)

मग १ मार्च २००६ ला सरकारी कंपन्यांनी 'वन इंडिया' योजना आणली, भारतात कुठेही एक रुपया मिनिट. त्याच्या आधी वर्षभर, जानेवारी २००५ मध्ये, बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड आलं होतं. आमच्या गादीवर ते यायला आणखी काही काळ गेला, पण आलं ते त्याच तांब्याच्या तारेवरून. एकाच जोडीवर खालच्या फ्रिक्वेन्सीत आवाज, वरच्या फ्रिक्वेन्सीत डेटा, आणि भिंतीवर दोघांना वेगळं करणारी काडेपेटीएवढी डबी. मला ही डबी फार आवडायची. एकत्र कुटुंबात दोन चुली असतात ना, तसं. घर एक, पण एकीचा विस्तव विझला तर दुसरीवर भात होतो. मोडेम बंद पडला तरी फोन चालू.

आणि फोन चालू म्हणजे कसा, तर वीज नसताना चालू. त्या वर्षांत महाराष्ट्रात भारनियमन कसं होतं हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. पंखा बंद, टीव्ही बंद, पिठाची गिरणी बंद, आणि अंधारात फोन खणखणतोय. कारण त्या फोनला वीज आपल्या घरातून लागतच नव्हती. एक्स्चेंजमध्ये ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांची रांग असायची, तिथूनच तारेतून वीज यायची. आपल्या घरातल्या अंधाराशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. ज्यांनी हे जाळं आखलं त्यांनी 'बोलणं' आणि 'घरातली वीज' ह्यांची फारकत मुद्दाम केली होती. सी-डॉट ही संस्था १९८४ मध्ये निघाली आणि तिने खेड्यांसाठी १२८ लाईनींचं छोटं एक्स्चेंज बनवलं, तेव्हासुद्धा विचार हाच होता : एअर कंडिशनर नको, धूळ आणि उन्हाळा सोसला पाहिजे. ते लोक आधी बंद पडण्याचा विचार करायचे, मग चालण्याचा.

आता माझ्या धंद्याकडे येतो. आवाज डेटाच्या जाळ्यावर घालणं म्हणजे काय? आपल्या आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घ्यायचे, प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिट. हा टेलिफोनचा जुना पायलीचा हिशोब. डेटाच्या जाळ्यावर हाच आवाज २० मिलिसेकंदांच्या पुड्या बांधून पाठवतात, सेकंदाला ५० पुड्या. प्रत्येक पुडीवर पत्ता, क्रमांक वगैरे मिळून ४० बाईटची गुंडाळी. आवाज दाबून बारीक केला (जी.७२९ नावाची पद्धत आहे) तर पुडीत माल २० बाईट आणि गुंडाळी ४० बाईट! मामांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते. "म्हणजे माल वीस किलो आणि बारदान चाळीस किलो? असा व्यापार आमच्याकडे कोणी केला तर त्याला बाजारातून हाकलतील."

पण पुढची गोष्ट हसण्यासारखी नाही. बारदान जड असलं तरी रस्ता रुंद असेल तर चालतं. गोची होते ती पुढे कोण आहे ह्याची. शहाद्याहून प्रकाशाकडे हिवाळ्यात गाडी चालवलीय का कधी? पुढे उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या. तुमच्या मागे ॲम्ब्युलन्स असली तरी ती ट्रॉलीच्याच चालीने जाणार. जुन्या ब्रॉडबँडच्या २५६ केबीपीएस अपलोडवर १,५०० बाईटचं एक मोठं पॅकेट बाहेर पडायला ४७ मिलिसेकंद लागतात. कोणी मोठी फाईल पाठवत असला की आवाजाची पुडी त्याच्यामागे ताटकळते. बोलणाऱ्यापासून ऐकणाऱ्यापर्यंत दीडशे मिलिसेकंदांच्या आत आवाज पोचावा असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. त्यापुढे गेलं की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात, "हॅलो, हॅलो, तुम्ही बोला, नाही तुम्ही बोला." मिरचीच्या सौद्यात ह्या "तुम्ही बोला"ची किंमत पोत्यामागे मोजता येते.

ह्यावर उपाय आहे. आवाजाच्या पुडीवर शिक्का मारायचा की ही आधी सोडा. मोबाईल कंपन्या ४जीवर साधा कॉल देतात तेव्हा त्यासाठी वेगळी, हमी असलेली वाट राखून ठेवतात. व्हॉट्सअॅपच्या कॉलला तशी वाट मिळत नाही, तो बाकीच्या गर्दीतून येतो. म्हणून एकाच फोनवर, एकाच टॉवरखाली, एक कॉल स्वच्छ आणि दुसरा "कट कट कट". रस्ता एकच, पण एकाला राखीव पट्टा आहे. आवाज आणि डेटा एकत्र आणणं म्हणजे दोघांना सारखं वागवणं नाही, ह्याचं ह्यापेक्षा सोपं उदाहरण मला माहीत नाही.

आपल्या देशात मात्र ही एकत्र येण्याची गोष्ट बरीच उशिरा आणि वाकड्या वाटेने आली. इंटरनेटवरून बोलायला १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली, पण अर्धवट. कॉम्प्युटरवरून परदेशातला फोन लावा, चालेल. पुण्याच्या ऑफिसातून स्वतःच्या डेटा लाईनवर आवाज मुंबईच्या ऑफिसात न्या आणि तिथून मुंबईच्या लोकल लाईनवर सोडा, हे मात्र चालणार नाही! एसटीडीचं उत्पन्न बुडतं ना. त्यामुळे ऑफिसच्या एक्स्चेंजमध्ये एक अदृश्य भिंत बांधावी लागायची. एका बाजूला सार्वजनिक फोनच्या लाईनी, दुसऱ्या बाजूला कंपनीचं स्वतःचं आयपी जाळं, आणि दोघांची भेट होता कामा नये. परदेशी कंपन्यांनासुद्धा त्यांच्या एक्स्चेंजमध्ये खास भारतासाठी ही सोय घालावी लागली. माझा पहिला मोठा प्रोजेक्ट हाच, भिंत बांधायचा. जगभर लोक भिंती पाडत होते आणि आम्ही रात्री जागून ती नीट बांधली गेली की नाही हे तपासत होतो. कॉल सेंटरवाल्यांसाठी हे नियम ५ नोव्हेंबर २०२० ला आणि नंतर २३ जून २०२१ ला बरेच सैल झाले. तेव्हा आमच्या टीममध्ये कोणीतरी पेढे आणायला हवे होते, पण सगळे घरून काम करत होते.

सरकारने स्वतःपुरतं हे आधीच करून घेतलं होतं. मार्च २००५ मध्ये राज्यव्यापी जाळ्याची योजना केंद्राने मंजूर केली. राजधानीपासून जिल्हा आणि जिल्ह्यापासून तालुका, कमीत कमी २ एमबीपीएसची लाईन, आणि तिच्यावर डेटा, आवाज, व्हिडिओ तिन्ही. कागदावर आमचं अक्कलकुवा आणि धडगावही त्यात आलं.

सामान्य माणसासाठी मात्र खरा बदल ५ सप्टेंबर २०१६ ला झाला. जिओ आलं, ज्याच्या जाळ्यात आवाजासाठी वेगळी यंत्रणा ठेवलीच नव्हती. बोलणं म्हणजेच डेटा. सुरुवातीचे महिने आठवतात का? कॉल लागायचेच नाहीत. जाळी नवी, पण दोन कंपन्यांना जोडणारी दारं अपुरी. ऑक्टोबर २०१६ मध्ये ट्रायने तीन जुन्या कंपन्यांना मिळून ३,०५० कोटी रुपये दंड करावा अशी शिफारस केली होती. पुढे एका कंपनीने दुसरीला द्यायचा मिनिटामागचा आकार १४ पैशांवरून ६ पैसे झाला आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. आजोबा ज्याच्यासाठी रात्री जागायचे ते बोलणं फुकट झालं.

माझं म्हणणं असं आहे की घोळ इथेच झाला. बोलणं फुकट झालं आणि म्हणून ते बिनमहत्त्वाचंही आहे असं आम्ही धरून चाललो. आम्ही म्हणजे मी धरून.

२०२२ मध्ये मामांच्या गादीवर फायबर आलं. मी दिवाळीला गेलो होतो, हौसेने म्हटलं, मी बघतो. गादी मार्केट यार्डात, गोदाम दोनेक किलोमीटरवर, आणि तिथून चार किलोमीटरवर पथारी. गादीवर चपटं साबणाच्या डबीएवढं कॉम्प्युटर ठेवलं, त्यात अॅस्टरिस्क नावाचं फुकट एक्स्चेंज टाकलं. फायबर कंपनीकडून गोदामालाही जोडणी घेतली, गोदामाच्या गच्चीवरून पथारीकडे तोंड करून छोटी रेडिओ लिंक लावली, पथारीच्या खोलीत एक आयपी फोन. नंबर १४. मामा गादीवरून १४ दाबायचे आणि पथारीवरचा रखवालदार बोलायचा. तीन ठिकाणी मिळून असलेल्या जुन्या तांब्याच्या लाईनी सरेंडर केल्या. महिन्याचं बिल बघून मामा खूश. पुण्याला परत येताना नंदुरबार स्टेशनवर गाडीत बसलो तेव्हा मला वाटलं होतं की वीस वर्षं जे लिहितोय त्याचा घरच्यांना पहिल्यांदाच काहीतरी उपयोग झाला.

नोव्हेंबर २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात उत्तर महाराष्ट्रात अवकाळी झाला. तुम्हाला आठवत असेल, द्राक्षांचं, कांद्याचं नुकसान बातम्यांत होतं. आमच्याकडे पथारीवर मिरची पसरलेली. रात्री अकराच्या सुमारास वारा सुटला आणि वीज गेली. गादीवर मी चांगला यूपीएस ठेवला होता. गोदामात छोटा होता, कॉम्प्युटर बंद करण्यापुरता, वीसेक मिनिटांचा. आणि पथारीवर? पथारीवर मी काहीच ठेवलं नव्हतं. एका फोनसाठी कशाला, असं म्हटल्याचं मला स्वच्छ आठवतंय.

रात्री दोनच्या सुमारास पथारीवर थेंब सुरू झाले. गावात अजून कोरडं होतं. रखवालदाराने फोन उचलला. फोन मुका. त्याच्या स्वतःच्या मोबाईलची बॅटरी संध्याकाळीच संपत आली होती आणि चार्ज करायला वीज नव्हती. तिथे रात्री तो आणि त्याची बायको एवढेच. ताडपत्र्या होत्या, पण एवढ्या माळावर त्या ओढायला पंधरावीस माणसं लागतात. शेवटी बायकोला ताडपत्रीपाशी ठेवून तो सायकलवर निघाला, पावसात, चार किलोमीटर आणि मग गावातले दोन. मामांचं दार वाजलं तेव्हा गावातही सुरू झालं होतं. माणसं गोळा करून पोचेपर्यंत साडेतीन वाजले. निम्म्याच्या आसपास माल भिजला. भिजलेली मिरची पांढरी पडते, बुरशी धरते, रंगच नाही तर भाव कसला.

सकाळी मामांचा फोन. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाले, "भाचा, तुना फोन मरी गया ना रे." आहिराणीतलं हे वाक्य मी नंतर कितीतरी मीटिंगांत मनात ऐकलंय.

आता ह्यावर कोणीही हुशार माणूस म्हणेल, आणि माझ्या ऑफिसातले म्हणालेच, की तांब्याची लाईन काय मोठी भरवशाची होती? बरोबर आहे. पावसाळ्यात डीपीच्या डब्यात पाणी शिरायचं, केबल चोरीला जायची, लाईनमनची वाट बघता बघता महिना जायचा. जुन्या काळाचे गोडवे मी गात नाही. तांबं परत येणार नाही आणि येऊही नये. पण तांबं बंद पडायचं ते एकटं बंद पडायचं. फोन गेला तर वीज असायची, वीज गेली तर फोन असायचा, इंटरनेट गेलं तर कोणाला फारसं कळायचंही नाही. आता एक गेलं की सगळं गेलं, आणि तेही नेमकं त्याच वेळी जेव्हा गरज असते, कारण ज्या वादळाने पाऊस आणला त्यानेच वीज नेली. जाळी एकत्र करताना आम्ही बिलं एकत्र केली हे सगळ्यांना सांगतो. संकटं एकत्र केली हे कोटेशनमध्ये लिहीत नाही.

आणि हे फक्त पावसापुरतं नाही. माल बाहेर पाठवायचा तर १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल लागतं. रस्त्याचं काम चालू असताना जेसीबीने फायबर तोडलं की बिल निघत नाही, ट्रक उभा. पूर्वी अशा वेळी फोन उचलून धुळ्याच्या ओळखीच्या माणसाला सांगायचं, "बाबा, तेवढं काढून ठेव." आता तो फोनही त्याच तुटलेल्या काचेतून जायचा असतो. म्हणजे आग लागली आणि बंबाची चावी त्याच घरात.

ह्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. म्हणजे सगळे व्यवहार डेटावर नेण्याची सुरुवात झाली ती आमच्या दारात. आणि त्याच जिल्ह्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्यात, धडगावच्या पुढे गेलात की लोक अजून टेकडीवर चढून रेंज धरतात. मी स्वतः धरलीय, एका हाताने झाड धरून. विधानसभेच्या यादीत महाराष्ट्राचा मतदारसंघ क्रमांक एक म्हणजे आमचं अक्कलकुवा. तिथल्या रेंज नसलेल्या मतदान केंद्रांवरून आकडे कळवायचे तर पोलिसांचे वायरलेस संच लागतात, नाहीतर माणूस धावतो. त्या वायरलेसला आवाजाखेरीज काही येत नाही, पण दुसऱ्या कशाच्या मरण्याने तो मरत नाही. खरं सांगायचं तर माझ्या सगळ्या करिअरपेक्षा त्या खोक्याचं डिझाईन मला त्या नोव्हेंबरनंतर जास्त शहाणं वाटायला लागलं.

परदेशात हा प्रश्न लोकांना आधीच चावलाय. अमेरिकेच्या एफसीसीने २०१५ मध्ये नियम केला की घरगुती आयपी फोन देणाऱ्या कंपनीने ग्राहकाला आठ तास पुरेल अशी बॅटरी विकत घ्यायचा पर्याय दिला पाहिजे, आणि पुढे चोवीस तासांचा. ब्रिटनमध्ये ऑफकॉमने २०१८ मध्ये सांगितलं की जे लोक घरच्या फोनवरच अवलंबून आहेत त्यांना वीज गेली तरी निदान तासभर आणीबाणीचा फोन लावता आला पाहिजे. तिथलं जुनं जाळं डिसेंबर २०२५ मध्ये बंद व्हायचं होतं, ते जानेवारी २०२७ वर ढकललं, कारण गळ्यात संकटाचं बटण घालून एकटे राहणारे म्हातारे लोक. त्यांचं बटण त्याच फोनवर चालतं. तिथे तास मोजतात. माझ्या पाहण्यातल्या नंदुरबारच्या एकाही फायबरच्या डब्यात मिनिटभराचीही बॅटरी नव्हती. डबा बसवणारा पोरगा म्हणतो, "साहेब, इन्व्हर्टरवर लावून घ्या." ज्याच्याकडे इन्व्हर्टर नाही त्याने काय करायचं हे त्याच्या ट्रेनिंगमध्ये नसतं. फोन म्हणून जे विकता त्याला वीज देणं हा विकणाऱ्याच्या कामाचा भाग आहे, असं माझं सरळ मत आहे. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांचा खर्च वाचला तो गेला कुठे? तो ग्राहकाच्या गळ्यात पडला आणि त्याला कोणी सांगितलंही नाही.

त्या डिसेंबरमध्ये मी जाऊन मामांकडे डागडुजी केली. पथारीवर १२ व्होल्ट, ४२ अँपिअर-तासाची बॅटरी आणि वर सोलरचं एक पॅनेल. रेडिओ आणि फोन मिळून पंधरा वॅट खातात. बॅटरी निम्म्याच्या खाली उतरू द्यायची नाही असं धरलं तरी सोळा तास निघतात. गोदामाच्या गच्चीवरच्या टोकालाही तशीच बॅटरी, नाहीतर एक बाजू जिवंत आणि दुसरी मेलेली. शिवाय पथारीवर दुसऱ्या कंपनीचं सिम घातलेला एक टेबलावरचा फोन. तो दिसायला जुन्या काळ्या फोनसारखाच आहे, रखवालदाराला तोच जास्त आवडतो. राऊटरमध्ये आवाजाला पहिला नंबर दिला, कॅमेऱ्यांना शेवटचा. सगळ्याचा खर्च भिजलेल्या मिरचीच्या काही पोत्यांइतकाच झाला. हाच खर्च मी वर्षभर आधी केला असता तर... असो.

आता हे नवीन कोटेशन. वाचलं तर त्यात एक्स्चेंज गादीवर राहणारच नाही, ते मुंबईच्या कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये. म्हणजे मामांना गादीवरून गोदामात, दोन किलोमीटरवर, "गाडी आली का?" विचारायचं तर कॉल आधी मुंबईला जाणार, सुरतेवरून जातो की जळगावावरून हे त्यालाच माहीत, आणि तिथून नंदुरबारला परत येणार. फायबर तुटलं की शेजारच्या खोलीतला इंटरकॉमही बंद. मोठ्या शहरात, जिथे दोन दिशांनी दोन फायबर येतात, तिथे ह्यात फार काही बिघडत नाही. उलट फायदा आहे. सांभाळायला माणूस लागत नाही, शाखा वाढली तर फोन वाढवता येतात. आमच्या कंपनीतही हेच आहे आणि मी तक्रार करत नाही. पण जिथे गावात येणारी वाट एकच आहे, तिथे गावातलं बोलणं गावात राहिलं पाहिजे. शेताचं पाणी शेतात जिरवा म्हणतात ना, तसं. बाहेरचं बोलणं खुशाल मुंबईवरून जाऊ द्या.

म्हणून मामांच्या वतीने त्या कंपनीच्या माणसाला फोन केला. बिचारा पोरगा होता, चांगलं बोलत होता. विचारलं, बाहेरची लाईन तुटली तर गादी ते पथारी बोलणं चालू राहील का? म्हणाला, त्यासाठी एक यंत्र मिळतं, ते ह्या दरात नाही. विचारलं, फायबर गेलं तर कॉल मोबाईल सिमवर आपोआप वळेल का? म्हणाला, ॲप आहे ना सर, सगळ्यांनी ॲप टाकायचं. विचारलं, आणि वीज गेली तर? थोडा वेळ लाईनवर शांतता होती, मला आधी वाटलं आवाजाची पुडी अडकली :-) मग म्हणाला, "सर, पॉवर बॅकअप आमच्या स्कोपमध्ये येत नाही. ते क्लायंटने बघायचं असतं."

मामांना तसंच्या तसं सांगितलं. म्हणाले, "क्लायंटने म्हणजे पुन्हा तूच ना?" आणि मग, पथारीवरच्या बॅटरीत पाणी कधी टाकायचं ते विचारायला लागले.